कमेंटखालचा आकडा: तुमचे अनुभव लिहा

काल जुने ईमेल साफ करताना एका ग्रुपची लिंक सापडली, पासवर्डही आठवला, आत गेले तर समोर माझी ९ वर्षांपूर्वीची कमेंट. शेजारी मतांचा आकडा, -६. राखाडी झालेली, दुमडलेली, टिचकी मारल्याशिवाय वाचताच येत नाही. बाळ दीड महिन्याचं होतं, रात्रीचे तीन वाजलेले, एका हातात तो आणि दुसऱ्या हाताने टाइप करत विचारलं होतं की खाली ठेवला की लगेच रडतो, काय करू. सहा जणांनी मायनस दाबलं, का ते एकानेही लिहिलं नाही. हाच प्रश्न आधी कुणी विचारला होता का, माझं बोलणं उद्धट वाटलं का, आजही माहीत नाही. काल तो आकडा बघून पोटात तसाच गोळा आला. त्यानंतर दोन वर्षं मी कुठे एक अक्षर लिहिलं नाही. तुमचं काय झालंय ते लिहा, प्लसचंही लिहा, त्यानेही माणूस बदलतो.

रातकिडा
मी -२ ला गप्प झालो होतो, तुला तर सहा. वाचूनच वाईट वाटलं. भांडण परवडतं गं, निदान समोर कोणीतरी असतं.

वहीचं_पान
माझं प्लसने बिघडलं. आधी मी लांब, नीट शोधून लिहायचे, ३ मतं. एकदा घाईत एका ओळीची कोटी टाकली, ४०० च्या वर. मग काय, कुठलाही धागा उघडला की डोक्यात आधी कोटीच यायची. एका बाईने नवऱ्याच्या आजारपणाबद्दल लिहिलं होतं तिथेही बोटं कोटी टाइप करायला लागली, पाठवायच्या आधी हात थांबला. त्या दिवशी स्वतःची भीती वाटली. कुकरची शिट्टी झाली, नंतर येते.

सरळरेषा
मला वाटायचं मायनस बघून लोक आणखी मायनस देतात. पण २०१३ मध्ये 'सायन्स' या संशोधनाच्या नियतकालिकात एक प्रयोग छापून आला होता, बातम्यांच्या एका साइटवर १ लाखाहून जास्त कमेंट घेतल्या आणि काहींना आल्या आल्या मुद्दाम एक प्लस दिला, काहींना एक मायनस. खोटा मायनस मिळालेल्यांना पुढच्या लोकांनी प्लस देऊन सावरून घेतलं. प्लसवाल्यांचा आकडा मात्र शेवटी सरासरी २५ टक्के जास्त. म्हणजे कळप प्लसच्या मागे जातो. मला हे जास्त त्रासदायक वाटतं, कारण फुगलेल्या कमेंटबद्दल शंका कोण घेणार.

आजोळ२
धागाकर्ती, बाळ आता झोपतं का?

धागाकर्ती
@आजोळ२ आता शाळेसाठी उठवताना माझा घसा बसतो 😀

पाटीपेन्सिल
थोडं उलट लिहितो, रागावू नका. आमच्या ग्रुपवर मतं नव्हती, जो आधी येईल तो वर. एकाने औषधाचा डोस चुकीचा सांगितला, तो दिवसभर सगळ्यात वर, आणि बरोबर सांगणारी नर्स ४० कमेंटच्या खाली. मतं आल्यावर असलं काही दहा मिनिटांत तळाला जातं. फक्त नुसती बेरीज करून लावलं तर लवकर आलेला पुढेच राहतो. रेडिट या चर्चेच्या साइटने २००९ मध्ये म्हणूनच क्रम लावायची पद्धत बदलली, किती मतांपैकी किती प्लस आणि तेवढ्या मतांवर कितपत भरवसा ठेवायचा हे बघून. उशिरा आलेल्या चांगल्या कमेंटला त्याने वर यायला वाव मिळाला.

रातकिडा
@पाटीपेन्सिल नर्सचं पटलं. पण चुकीचा डोस आणि रात्री तीनला विचारलेला प्रश्न, दोघांना एकच बटण?

पाटीपेन्सिल
हो, हे खरंय.

चौकट
मी एक ग्रुप सांभाळते. मायनसला कारण सक्तीचं केलं तर लोक कारणात एक टिंब टाकून मोकळे. मग पहिले काही तास आकडा लपवला, त्याने खूप फरक पडला, लोक आधी वाचायला लागले. स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तरांच्या साइटवर कुणाच्या उत्तराला मायनस दिलात तर त्याचे २ पॉइंट जातात पण तुमचाही १ जातो. हे मला फार आवडतं. झळ बसली की हात थांबतो.

कोराकागद
मी उलटा निघालो. मायनस मिळाले की त्वेषाने आणखी लिहायचो, रोज, आणि दिसेल त्याला मायनस द्यायचो. २०१४ मध्ये चार साइटवरच्या कमेंटचा अभ्यास झाला होता, त्यात हेच, मायनस मिळालेले लोक जास्त लिहितात, दर्जा घसरतो आणि ते दुसऱ्यांनाही मायनस देत सुटतात. वाचताना वाटलं माझ्याबद्दलच लिहिलंय. ज्यांना मी असं उगाच दिलं त्यांची मनापासून माफी.

आजोळ२
स्क्रोल करताना अंगठा लागून मायनस जातं त्याचं काय करायचं? मागे घेता येतं का?

चौकट
@आजोळ२ बहुतेक ठिकाणी परत तिथेच दाबलं की जातं.

वहीचं_पान
आले परत. मी आता बटण न दाबता +१ असं लिहून देते. टाइप तरी करावं लागतं, आणि घेणाऱ्याला कळतं कोणी दिलं.

धागाकर्ती
तुमचं वाचून आत्ता ती दुमडलेली कमेंट पुन्हा उघडली. खाली एक उत्तर होतं, काल बघितलंच नव्हतं. मी लिहिल्यावर चार महिन्यांनी एकीने लिहिलंय, 'माझीही अशीच रडते. तुम्हाला काही जमलं का?' मी परत तिथे गेलेच नव्हते ना. आत्ता तिला लिहिलं की आम्ही पाळण्यातली चादर आधी अंगाशी धरून गरम करायचो आणि मग त्याला ठेवायचो. तिची मुलगी आता नऊ वर्षांची होत आली असेल. तरी लिहिलं.