बुकलणे आणि बदडणे
मारण्यासाठीचे 'बुकलणे' आणि 'बदडणे' हे शब्द एकाच अर्थाचे, असं कुणी कुणी म्हणतं. मला नाही पटत. बुकलण्यात बुक्की आहे, म्हणजे वळलेली मूठ. काठीने कुणी बुकलत नाही, काठीने बदडतात. धोपटणं धुण्याच्या दगडावरून आलेलं वाटतं. आमची आजी चादर धोपटायची तेव्हा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जायचा, आणि तेच क्रियापद आम्हा पोरांनाही लागू होतं! 'कणीक तिंबली' म्हणजे तर अंगाचा कुठलाच भाग सोडला नाही.

फिर्यादीत मात्र सगळ्याचं एकच होतं: 'लाथाबुक्क्यांनी मारहाण'. कलम पूर्वी भारतीय दंड संहितेचं ३२३ (जाणूनबुजून दुखापत करणं) लागायचं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं ११५(२). बायकोला मारणाऱ्याबद्दल 'हात उचलला' म्हणतात, ते मला फार सौम्य वाटतं. तिथे बुकललं असेल तर बुकललंच लिहावं.