तुर्भ्याचं आयकिया: टू बीएचकेसाठी काय घ्यावं, काय सुताराकडून करून घ्यावं?

पागोळी:
१८ डिसेंबर २०२० ला नवी मुंबईत तुर्भ्याला आयकिया हे फर्निचरचं दुकान सुरू झालं. हैदराबादनंतर (२०१८) भारतातलं ते दुसरं होतं. खारघरला टू बीएचकेचा ताबा जानेवारीत मिळतोय, म्हणून इथल्या जाणकारांना विचारते.

हवंय ते असं: बेडरूममध्ये कपाट, पुस्तकांसाठी मांडणी, डबल बेड, मुलाच्या ऑनलाइन शाळेसाठी टेबल आणि थोडे दिवे-पडदे. बेडरूम १० × ११ फूट आहे. कपाटाची जागा माळ्याखालच्या कोनाड्यात, रुंदी ५ फूट २ इंच, माळ्याच्या तळापर्यंत उंची ७ फूट. ७२ × ७८ इंची गादी आधीच घेतलेली आहे, ती बदलायची नाही. किचन ट्रॉल्यांचंही बघायचं आहे. काय तिथून घ्यावं, काय घेऊ नये? आणि तिथे जायला नोंदणी लागते का?

तळमजला:
नोंदणीचं आधी सांगतो. सुरुवातीला, २०२० मध्ये, कोविडमुळे संकेतस्थळावर दिवस आणि वेळ नोंदवूनच आत सोडत होते, आता तसं नाही. दुकान तुर्भे स्टेशनाजवळ आहे.

आत गेल्यावर आधी मांडलेल्या खोल्या लागतात, मग भांडी-चादरी-दिव्यांचा बाजार आणि शेवटी गोदाम. मोठी वस्तू मांडणीतून उचलायची नसते. लेबलवर रांगेचा आणि खणाचा क्रमांक असतो, त्याचा फोटो काढायचा आणि गोदामात जाऊन तो खोका शोधायचा. ज्या लेबलवर कर्मचाऱ्यांना विचारा असं लिहिलंय त्याची ऑर्डर तिथेच द्यावी लागते.

लोक फसतात ते इथे: एक वस्तू म्हणजे एक खोका नव्हे. पलंगाची चौकट, मधला लोखंडी दांडा आणि फळ्यांचा पाया यांचे वेगवेगळे खोके आणि क्रमांक असतात. एक राहिला तर घरी चौकट उभी राहते आणि गादी जमिनीवर. लेबलवरचे सगळे क्रमांक ट्रॉलीतल्या खोक्यांशी ताडून मगच बिलाच्या रांगेत उभे राहा.

रंधा:
घरी असतानाच सगळी मापं सेंटिमीटरमध्ये लिहून काढा. फूट-इंचात विचार केला की तिथे गोंधळ होतो. १ इंच म्हणजे २.५४ सेंमी.

गादी: ७२ × ७८ इंच म्हणजे १८२.९ × १९८.१ सेंमी. आयकियाचा मोठा पलंग १८० × २०० चा. म्हणजे तुमची गादी रुंदीला जवळजवळ ३ सेंमी जास्त आणि लांबीला २ सेंमी कमी. कॉयर किंवा बॉन्डेड फोमची कडक गादी त्या चौकटीत बसत नाही. कडेच्या फळीवर चढते आणि मधे फुगते. मऊ फोम दाबून बसतो, पण कड चुरगळत राहते आणि चादर खोचायला बोटं जात नाहीत. गादी बदलायची नसेल तर पलंग तिथून घेऊच नका. सुताराकडून किंवा इथल्या दुकानातून ७२ × ७८ चा करून घ्या, त्यात खाली सामान ठेवायला पेटीही मिळेल.

वाचणाऱ्या इतरांसाठी: ७५ इंची गादी (१९०.५) त्या पलंगात टाकली तर पायथ्याशी साडेनऊ सेंमीची फट राहते.

कपाट: पॅक्स (आयकियाची कपाटांची मालिका) चे सांगाडे ५०, ७५ आणि १०० सेंमी रुंद, २०१ किंवा २३६ उंच, ३५ किंवा ५८ खोल. तुमचा कोनाडा १५७.५ सेंमी. म्हणजे १०० + ५० = १५०, साडेसात सेंमी उरतात. माळ्याचा तळ ७ फुटांवर म्हणजे २१३ सेंमीला, तेव्हा २०१ चाच घ्यायचा. ५८ सेंमी खोलच घ्या, ३५ मध्ये हँगर आडवा मावत नाही.

पण हे माप नकाशावरून घेतलंय की भिंतीवरून? नकाशातलं माप बरेचदा विटेपासून विटेपर्यंतचं असतं. दोन्ही बाजूंचा गिलावा धरला की अडीच-तीन सेंमी कमी होतात. ताबा मिळाल्यावर खाली, मध्ये आणि वर अशी तीन ठिकाणी रुंदी मोजा आणि सगळ्यांत कमी आकडा धरा. कोपरे काटकोनात नसतात, बिल्डर कितीही मोठा असो.

करवतकाठी:
रंधा यांच्याशी सहमत. पॅक्सबद्दल थोडी भर.

पॅक्सच्या सांगाड्याच्या किमतीत फक्त सांगाडा येतो. दारं, बिजागऱ्या, हँगरची दांडी, खण, ड्रॉवर सगळं वेगळं. १०० ला पन्नासची दोन दारं आणि ५० ला एक, अशी तीन दारं लागतील. एका दाराला बिजागऱ्या किती ते दाराच्या लेबलवर असतं, तेवढ्याच मोजून घ्या. आतलं सामान आधी कागदावर आखा, कारण कपाटाचं बिल सांगाड्याने नव्हे, ड्रॉवरने फुगतं.

जोडणी जमिनीवर आडवी करून मग उभी करायची असते. त्या वेळी लागणारी उंची कपाटाच्या उंचीपेक्षा जास्त, कारण कर्ण फिरतो. २०१ × ५८ चा कर्ण २०९ सेंमी, २३६ × ५८ चा २४३. तुम्ही कोनाड्याच्या बाहेर उभं करून आत सरकवाल, त्यामुळे अडचण नाही. पण कुणाच्या खोलीत ८ फुटांवर (२४४ सेंमी) फॉल्स सीलिंग असेल तर २३६ च्या कपाटाला एक सेंमी उरतो आणि तिथे नेमका दिवा लोंबत असतो. अशा खोलीत २०१ चंच बरं.

मागचा पातळ पुठ्ठा हा देखावा नाही, कपाट काटकोनात धरून ठेवतो तो तोच. खिळे मारण्याआधी समोरासमोरच्या कोपऱ्यांमधली दोन्ही अंतरं टेपने मोजा. सारखी येईपर्यंत सांगाडा ढकला, मगच खिळे मारा. हे चुकवलं तर दारं कधीच एका रेषेत येत नाहीत आणि दोष बिजागरीला जातो.

स्क्रूला ड्रिल मशीन लावू नका. पार्टिकल बोर्डमध्ये (लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी) आटे एकदा मोडले की स्क्रू फिरत राहतो. शेवटची दोन वळणं हातानेच. आटे गेलेच तर भोकात फेविकॉलमध्ये बुडवलेल्या टूथपिकच्या काड्या ठोका, रात्रभर वाळू द्या, वर आलेल्या कापा आणि पुन्हा स्क्रू लावा. गोल कॅम लॉक (दांडी पकडून फळ्या आवळणारा भाग) बसवताना त्यावरचा बाण फळीच्या कडेकडे, म्हणजे जिथून दांडी येणार त्या बाजूला हवा. तो उलटा राहिला की दांडी आत जात नाही आणि लोक हातोडी घेतात.

पागोळी:
बापरे, गादीचं बरं कळलं. पुस्तकांचं काय? आठ-नऊशे असतील, त्यात कोश बरेच आणि दिवाळी अंकांचे गठ्ठे. आणि भिंतीला पक्कं करायलाच हवं का?

रंधा:
बिली ही तिथली पुस्तकांची मांडणी घ्या, पण मोजून. ८० × २८ × २०२ सेंमीच्या बिलीत एका फळीला ३० किलो चालतात. ४० सेंमी रुंदीच्यात १४ किलो. कथा-कादंबऱ्या ८० च्या फळीवर आरामात बसतात. जाड कोश ओळीने लावले तर ३० किलो सहज ओलांडतात आणि दोनेक वर्षांत फळी मधे झोळ खाते. कोश ४० रुंदीच्यात विभागून ठेवा, किंवा सगळ्यांत खालच्या पक्क्या फळीवर. दिवाळी अंक आडवे रचले तर वजन एकाच जागी येतं, उभे लावा.

कॅलॅक्स ही चौकटींची मांडणी दिसायला सुरेख. आठ चौकटींचं ७७ × १४७ आणि ३९ खोल असतं. पण एका चौकटीला १३ किलो. खेळणी, पेट्या, रेकॉर्ड यांसाठी ठीक, कोशांसाठी नाही.

भिंतीला पक्कं करायलाच हवं, घरात लहान मूल आहे. २०१६ मध्ये अमेरिकेत आयकियाने माल्म मालिकेची आणि इतर ड्रॉवरची मिळून सुमारे २ कोटी ९० लाख कपाटं परत मागवली, ती अंगावर पडून मुलं दगावल्यामुळे. भिंतीला लावायची पट्टी खोक्यात असते. भिंतीतला प्लग (भोकात बसून स्क्रू धरणारी नळी) आणि स्क्रू नसतो, कारण कुणाची भिंत कशाची ते त्यांना माहीत नसतं.

पिंपळपान:
भिंतीबद्दल नीट लिहायला हवं, आपल्याकडे जास्त घोळ तिथेच होतो.

नव्या इमारतीत खांब-तुळया काँक्रीटच्या आणि मधल्या भिंती बहुधा पांढऱ्या हलक्या एएसी ब्लॉकच्या. ड्रिलमधून पडणारी भुकटी पाहा: करडी म्हणजे काँक्रीट, लाल म्हणजे वीट, पांढरी आणि मऊ म्हणजे ब्लॉक. काँक्रीट आणि विटेला हॅमर मोड चालतो. ब्लॉकला हॅमर मोड अजिबात नको, भोक रुंदावतं आणि प्लग बोटानेही निघतो. ब्लॉकसाठी वेगळे नायलॉनचे लांब प्लग मिळतात, तेच मागा.

गिलाव्याला पकड नसते. आतला गिलावा १२ ते १५ मिमी जाड असतो. ३० मिमीचा प्लग बसवला तर निम्मा गिलाव्यातच राहतो. ५० मिमी किंवा जास्त लांबीचा, ८ मिमी व्यासाचा घ्या. स्विचबोर्डच्या सरळ वर आणि खाली भोक पाडू नका, वायरचा पाइप तिथूनच गेलेला असतो. बाथरूमला लागून असलेल्या भिंतीत आधी प्लंबिंगचा नकाशा मागा.

दुसरी गोष्ट स्कर्टिंगची, म्हणजे भिंतीच्या पायथ्याशी लावलेल्या टाइलांची. आपल्या टाइलची स्कर्टिंग चार इंच उंच आणि भिंतीच्या पुढे साधारण सेंटिमीटरभर आलेली. बिलीला खाली मागच्या बाजूला खाच असते, पण ती आपल्या चार इंची टाइलला पुरेल असं धरू नका, मोजा. पॅक्स आणि कॅलॅक्सला खाच नसते, त्यामुळे कपाट भिंतीपासून सुटतं. पट्टी आवळून तो गॅप भरायला गेलात तर सांगाडा मागे वाकतो. पट्टीच्या मागे तेवढ्याच जाडीचा प्लायचा तुकडा घाला.

अवांतर: पोछा. पार्टिकल बोर्डची खालची कड ओली झाली की फुगते आणि ते परत बसत नाही. खाली प्लास्टिकचे पॅड लावा. फेल्टचे नकोत, ते पाणी धरून ठेवतात. पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीपासून दोन-तीन सेंमी सोडा, नाहीतर मागच्या पुठ्ठ्याला बुरशी. वाळवीचं पेस्ट कंट्रोल फर्निचर यायच्या आधी.

तळमजला:
टेबलाचं राहिलं. लिनमॉनचा १०० × ६० चा पाट आणि चार आडिल्स पाय हा स्वस्त मार्ग, शाळेसाठी पुरेसा. पण लिनमॉन आणि लॅक (तिथलंच लहान टेबल) यांचा पाट आतून पोकळ असतो, कागदाची मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जाळी. चिमट्याचा दिवा किंवा मॉनिटरचा हात लावला की पाट दबतो. वर-खाली प्लायचा तुकडा देऊन मगच आवळा. भलतीकडे स्क्रू मारला तर तो जाळीत जातो आणि धरत नाही, पाय खुणेच्याच जागी लावा.

दिवे: तिथले बहुतेक दिवे आट्याच्या बल्बचे, ई२७ किंवा लहान ई१४. आपल्या घरात दोन पिनांचे बी२२ असतात. बल्ब तिथूनच घ्या, नाहीतर रात्री दिवा लटकवून बल्बासाठी इलेक्ट्रिकचं दुकान शोधाल. पडदे बहुधा अडीच मीटर लांब असतात आणि इस्त्रीने चिकटवायची पट्टी सोबत येते. सात फुटी दारासाठी कापावेच लागतील.

करवतकाठी:
किचन सुताराकडून. सिंकखालचं कपाट तर नक्कीच. आयएस ७१० चा (पाणी सहन करणाऱ्या मरीन प्लायचं मानक) शिक्का असलेला प्लाय, सांगाड्याला १८ मिमी, आतूनही लॅमिनेट. शिक्का प्रत्येक शीटवर स्वतः पाहा, बिलावर लिहिलेलं पुरत नाही. ट्रॉल्यांच्या आतले कप्पे, बरण्या, चाकू-चमच्यांचे ट्रे मात्र तुर्भ्याहून घ्या. कप्प्याचं माप आधी कळवलंत तर सुतार ड्रॉवर त्याच रुंदीचा करेल, उलटं करू नका.

पागोळी:
म्हणजे पलंग आणि किचन सुताराकडे. पॅक्स, बिली, टेबल, दिवे, पडदे तिथून. लिफ्टचं दार ८० सेंमी आहे, पॅक्सचे खोके जातील का?

रंधा:
दाराची रुंदी नव्हे, केबिनची आतली उंची मोजा. २०१ चे खोके दोन मीटरहून थोडे लांब असतात. केबिन सात फूट असेल तर उभे जातात. २३६ चे तिरके करूनही नक्की नाहीत. नाही गेले तर जिना, आणि जिन्याच्या वळणावर लांबीपेक्षा कठड्याची उंची आडवी येते.

सोसायटीत सामान चढवायच्या वेळा आधी विचारा. आणि डिलिव्हरीवाला उभा असतानाच खोक्यांचे कोपरे पाहा. दबलेला कोपरा म्हणजे आत चेपलेली फळी, तिथेच फोटो काढून नोंद करा.

करवतकाठी:
लहानसहान स्क्रू किंवा कॅम लॉक कमी निघाला तर पूर्ण खोका परत नेऊ नका. जोडणीच्या पुस्तिकेत प्रत्येक भागाशेजारी क्रमांक असतो, तो सांगितला की ग्राहक सेवेकडून सुटा भाग मागवता येतो. पुस्तिका जपून ठेवा. घर बदलताना कपाट उघडायचं झालं तर तीच उलटी वाचायची.