सीटीएक्स हाताने फिरवणं म्हणे अडाणीपणा!

सरळमार्गी: कालची पोस्ट वाचून डोकं फिरलं. म्हणे "प्रत्येक फंक्शनला सीटीएक्स (कॉन्टेक्स्ट, म्हणजे रिक्वेस्टची माहिती, डेडलाइन आणि कॅन्सलची खूण नेणारं पाकीट) देणं अडाणीपणा, फ्रेमवर्कने थ्रेडलोकलमधून (थ्रेडच्या खाजगी कप्प्यातून) गुपचूप पोचवावा." अहो, पूलमधला थ्रेड रिक्वेस्ट संपली म्हणून मरत नाही, तो पुढच्या रिक्वेस्टला लागतो. कप्पा रिकामा करायचं (रिमूव्ह) राहिलं की आधीच्या ग्राहकाचा टेनंट आयडी (ग्राहकाची ओळख) पुढच्याच्या क्वेरीत. आमच्याकडे एकाला दुसऱ्याची बिलं दिसली, आणि लॉगमध्ये सगळं चकाचक, कारण लॉगसुद्धा त्याच शिळ्या एमडीसीतून (लॉगसाठीच्या थ्रेडलोकल कप्प्यातून) आयडी उचलत होता! गो भाषेत पहिला पॅरामीटर सीटीएक्स, कंटाळवाणं आहे, पण डोळ्यांना दिसतं तरी.

जुना_जावावाला: फिल्टरमध्ये एकाच जागी ट्राय-फायनली लावून कप्पा साफ करायचं तुमच्या टीमला जमलं नाही, त्यात थ्रेडलोकलचा काय दोष? तुमची निम्मी फंक्शनं नुसती पोस्टमन झालीत, पाकीट घ्या नि पुढे द्या. वर व्हॅल्यूचा टाइप एनी, म्हणजे काहीही चालतं. मधेच कुणी कॉन्टेक्स्ट डॉट बॅकग्राउंड (कोरं पाकीट) लिहिलं की ट्रेस (रिक्वेस्टच्या प्रवासाचा माग) तिथेच तुटतो, कंपायलर गप्प. "दिसतं" म्हणे.

अवेट_अवेट: भांडा तुम्ही. पायथनमध्ये ३.७ पासून कॉन्टेक्स्टव्हार्स आहे, नोडमध्ये असिंकलोकलस्टोरेज, दोन्ही असिंक कामासोबत कॉन्टेक्स्ट आपोआप नेतात. पॅरामीटर नको, गळती नको.

सरळमार्गी: मग रन-इन-एक्झिक्युटरमध्ये (काम दुसऱ्या थ्रेडवर देताना) तुझा कॉन्टेक्स्ट जातो का रे? नाही जात. ३.९ मधल्या टू-थ्रेडमध्ये जातो. कुठे जातो नि कुठे नाही याची यादी भिंतीवर लावायची का?

रात्रपाळी: हे सगळं ठीक, पण डेडलाइन, कॅन्सल आणि व्हॅल्यू एकाच पोतडीत कोंबायची अक्कल कुणाची? ऑर्डर सेव्ह झाली, उत्तर गेलं, मागे गोरूटीनमध्ये (गोच्या हलक्या थ्रेडमध्ये) ऑडिटची नोंद चालू, हँडलर परतला तसा सीटीएक्स कॅन्सल आणि नोंद गायब. पहाटे फोन मला!

सरळमार्गी: विदाउटकॅन्सल (कॅन्सल न होणारी प्रत) आहे की, गो १.२१ पासून.

रात्रपाळी: २०२३ ला आलं ते! कॉन्टेक्स्ट स्टँडर्ड लायब्ररीत आला २०१६ ला, १.७ मध्ये. मधली सात वर्षं जो तो आपापलं रॅपर लिहीत बसला, आणि वर "गो किती साधी".

जुना_जावावाला: ऑडिट गोरूटीनच्या भरवशावर सोडणाऱ्याला पहाटे उठवलंच पाहिजे. त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये आउटबॉक्स टेबलात (नंतर उचलायच्या कामांच्या टेबलात) लिहायचं.

रात्रपाळी: आला उपदेश. मी सोडलं नव्हतं, मला वारशात मिळालं. आणि वर्कर ती रो नंतर उचलेल तेव्हा ट्रेस कुठून जोडणार? तुमचं थ्रेडलोकल येणार का टेबलात बसून?

जुना_जावावाला: रोमध्ये ट्रेसपेरेंटचा (ट्रेसची ओळख सांगणाऱ्या हेडरचा) कॉलम ठेवतो मी.

सरळमार्गी: म्हणजे हातानेच दिलात ना कॉन्टेक्स्ट! प्रोसेसच्या बाहेर पडलं की एचटीटीपी हेडर असो की क्यू, कुणीतरी भरावाच लागतो आणि पलीकडे कुणीतरी काढावाच लागतो. आतमध्येच का लाज वाटते?

जुना_जावावाला: आत ब्लॉकची हद्द असते. जावा २५ मध्ये स्कोप्डव्हॅल्यू पक्कं झालं, ब्लॉक संपला की बाइंडिंग गेलं, रिमूव्हची भानगडच नाही.

सरळमार्गी: म्हणजे थ्रेडलोकल नकोच, असंच ना?

जुना_जावावाला: नव्या कोडमध्ये मी नाही लावणार. घ्या, पेढे वाटा.

रात्रपाळी: तो कॉलम केवढा ठेवलाय?

जुना_जावावाला: ५५ अक्षरं.

रात्रपाळी: आणि ट्रेसस्टेट, ट्रेससोबतची जास्तीची माहिती?

जुना_जावावाला: टाकून देतो.

रात्रपाळी: वा! आणि आम्हाला उपदेश.