मदत हवी आहे: यूएसबी टोकन आणि ऑटोमॅटिक बिल्ड

जून २०२३ पासून कोड सायनिंगची (सॉफ्टवेअरवर डिजिटल सही करण्याची) प्रायव्हेट की, म्हणजे सहीची गुप्त किल्ली, हार्डवेअरमध्येच ठेवावी लागते, त्यामुळे सर्टिफिकेट रिन्यू केल्यावर पीएफएक्स फाइलऐवजी (सर्टिफिकेट आणि की एकत्र असलेली फाइल) यूएसबी टोकन (की साठवणारं, पिन लागणारं उपकरण) हातात आलं. इन्स्टॉलर बनवायला इनो सेटअप वापरतो. हाताने चालवलं तर साइनटूल (मायक्रोसॉफ्टचं सही करण्याचं कमांड टूल) एक्सई, अनइन्स्टॉलर, सेटअप तिन्हींवर टाइमस्टॅम्पसकट नीट सही करतं.

अडचण रात्री आपोआप होणाऱ्या बिल्डची. टोकन ऑफिसच्या पीसीला लावून तिथेच रनर (बिल्ड आपोआप चालवणारा प्रोग्रॅम) ठेवलाय. सर्व्हिस म्हणून चालवला तर टोकन दिसतच नाही. लॉगिन करून चालवला तर पिनची खिडकी उघडते आणि बिल्ड लटकतं. सेफनेटमध्ये (टोकनच्या सॉफ्टवेअरमध्ये) सिंगल लॉगऑन, म्हणजे एकदाच पिन मागण्याची सोय, सुरू केलं, पण पीसी रिस्टार्ट झाला की पुन्हा पिन हवाच. चुकीचे पिन देऊन टोकन लॉक होण्याची भीती आहे, म्हणून अंदाजाने स्क्रिप्ट लिहीत नाही.

सर्टिफिकेट ओव्ही (संस्थेची पडताळणी करून दिलेलं) आहे, नवीन घेण्याचं बजेट नाही. साइनटूलला पिन कमांडमधूनच सुरक्षितपणे कसा द्यायचा? की हेच सर्टिफिकेट क्लाउड एचएसएमवर (की सुरक्षित ठेवणाऱ्या, इंटरनेटवरून वापरायच्या हार्डवेअरवर) री-इश्यू करून घेता येतं?