मदत हवी आहे: वकिलाविरुद्ध तक्रार बार असोसिएशनकडे करायची की बार कौन्सिलकडे?

नमस्कार. माझ्या आत्याचा जमिनीच्या वाटणीचा दावा कोल्हापूरच्या जिल्हा न्यायालयात, कसबा बावड्याला चालू आहे. ती राधानगरीकडच्या गावात एकटीच असते. बरेच महिने वकील फोन उचलत नाहीत, तारीख कळवत नाहीत. फी रोख घेतली, पावती दिली नाही. दुसरा वकील द्यायचं ठरवल्यावर निरोप आला, "आधी राहिलेली फी भरा, मग फाईल न्या." मूळ खरेदीखत त्याच फाईलमध्ये आहे, त्या काळजीनं आत्याला झोप नाही.

कुणी म्हणतं असोसिएशनच्या अध्यक्षांना भेटा, कुणी म्हणतं ग्राहक आयोगात जा, कुणी मुंबईला कौन्सिलला लिहा म्हणतं. खरा अधिकार कुणाचा? तक्रार केली तर दावा अडकेल का? आत्याला कुणाचं वाईट करायचं नाही, कागद हवेत.

प्रतिसाद:
असोसिएशन ही त्या कोर्टातल्या वकिलांची संघटना. अध्यक्ष समजावून सांगू शकतात, आणि कोल्हापुरात ज्येष्ठांचा शब्द सहसा कुणी मोडत नाही, म्हणून आधी त्यांना जरूर भेटा. पण सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, देते महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिल, त्यामुळे कारवाईही तीच करते. 1961 च्या अधिवक्ता कायद्याच्या कलम 35 प्रमाणे तिची शिस्तपालन समिती ताकीद देऊ शकते, काही काळ वकिली बंद ठेवू शकते किंवा यादीतून नाव कायमचं काढू शकते. वर्षभरात निकाल लागला नाही, तर प्रकरण बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे जातं.

ग्राहक आयोगाचा रस्ता मे 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बंद केला. पण त्याच न्यायालयानं 2000 साली सांगितलंय की फी थकली म्हणून वकिलाला पक्षकाराची फाईल अडवून ठेवता येत नाही. फी बाकी असेल तर त्यांनी वसुलीचा वेगळा मार्ग धरावा. कागद परत मागणारी नोटीस वकिलांना पाठवा आणि तीत हे स्पष्ट लिहा.

तक्रारीनं दावा थांबत नाही, तसा तो पुढेही सरकत नाही. तारखा ई-कोर्ट्स ॲपवर बघत राहा. जुने वकील ना हरकत देत नसतील, तर कोर्टाच्या परवानगीनं नवं वकीलपत्र (वकील नेमल्याचा कागद) दाखल करता येतं. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून बायकांना मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही.

धागाकर्ता:
खूप आभार! नोटीस कुणाच्या नावानं?

प्रतिसाद:
आत्यांच्या सहीनं, स्पीड पोस्टानं. कोणकोणते मूळ कागद दिले होते त्याची यादी जोडा आणि पोचपावती जपून ठेवा. पुढे कौन्सिलकडे जायची वेळ आली, तर तोच तुमचा पुरावा.