ऋण गुणिले ऋण धन का होते?

प्रश्न (पालक):
माझी मुलगी सातवीत असून सध्या पूर्णांक संख्यांचा गुणाकार शिकत आहे. (−३) × (−२) = ६ हे तिने पाठ केले आहे; परंतु दोन्ही संख्या ऋण असताना उत्तर धन कसे, या तिच्या प्रश्नावर मला नियमापलीकडे काही सांगता येत नाही. तिला पटेल असे कसे समजावून सांगावे?

उत्तर (गणित शिक्षिका):
तिला वहीत एकाखाली एक लिहायला सांगा: (−३) × २ = −६, (−३) × १ = −३, (−३) × ० = ०. प्रत्येक ओळीत उत्तर ३ ने वाढते हे तिने स्वतः बोट ठेवून पाहिले, की पुढच्या ओळीत, म्हणजे (−३) × (−१) येथे, ३ आणि त्यानंतर ६ हेच उत्तर येणार हे तिच्या लक्षात येईल. घाई मात्र करू नका. शून्याच्या ओळीवर मुले हमखास थबकतात आणि ते थबकणे मोलाचे असते.

उत्तर (निवृत्त शिक्षक):
वरील मांडणी सुंदर आहे, तरी ती सिद्धता नव्हे. सिद्धतेसाठी २ + (−२) = ० येथून सुरुवात करावी. दोन्ही बाजूंना (−३) ने गुणल्यास −६ आणि (−३) × (−२) यांची बेरीज शून्य येते, म्हणून तो गुणाकार ६ असलाच पाहिजे. ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ मध्ये ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्त’ या ग्रंथात हा नियम दिला आहे. ऋण म्हणजे कर्ज, हा अर्थही तिला अवश्य सांगावा.

प्रश्नकर्ते:
मनःपूर्वक आभार. आज ओळी लिहून घेतल्या. शून्यापाशी ती बराच वेळ थांबली आणि मग ३ तिने स्वतःच लिहिले.