शंभरानंतरचा ‘अँड’ आणि खोक्यांचा धनादेश

धनादेशावर इंग्रजीत अक्षरी रक्कम लिहिताना ‘हंड्रेड’नंतर ‘अँड’ लिहिणे ही सरळ चूक आहे, असे काही जण सांगतात; हे मत मला एकांगी वाटते. ब्रिटिश इंग्रजीत ‘वन हंड्रेड अँड फाइव्ह’ हेच रूढ आहे. तो ‘अँड’ गाळण्याची रीत अमेरिकी आहे, आणि आपल्या शाळांतले इंग्रजी ब्रिटिश वळणाचे असल्याने धनादेशावर तो लिहिण्यात काहीच वावगे नाही. ‘फोर्टी’च्या स्पेलिंगमध्ये ‘यू’ घालू नये, हे त्यांचे म्हणणे मात्र मान्य.

खरी गफलत माझ्या मते वेगळ्याच ठिकाणी होते. मराठीत ‘पंचेचाळीस’ म्हणताना पाच आधी कानावर पडतो आणि चाळीस मागून येतो, तर इंग्रजीत क्रम उलटा. देवगडात आमच्या हापूसच्या खोक्यांचे पैसे चुकते करताना वडिलांनी धनादेशावर आकड्यांत ४५,००० बरोबर लिहिले, पण अक्षरे लिहिताना मनात ‘पंचेचाळीस’ घोळत असल्याने हातून ‘फिफ्टी-फोर थाउजंड’ उतरले. बँकेने धनादेश परत केला, हे एका परीने बरेच झाले, कारण १८८१च्या परक्राम्य संलेख अधिनियमाच्या, म्हणजे धनादेशांना लागू असलेल्या कायद्याच्या, कलम १८नुसार आकडे आणि अक्षरे यांत तफावत असेल तर अक्षरांतली रक्कमच ग्राह्य धरली जाते, म्हणजे नऊ हजारांचा भुर्दंड ऐन हंगामात आमच्याच माथी बसला असता. तेव्हापासून वडील आधी अक्षरे लिहितात आणि त्यांवरून आकडे उतरवतात.